नागीण: असायक्लोविर दिवसातून पाच वेळा कशाला?

रानजाई
सासूबाईंना (वय ६८) पाठीच्या डाव्या बाजूला नागीण उठली आहे. आग आणि ठणका परवापासून होता, पुरळ काल दिसलं. डॉक्टरांनी असायक्लोविर ८००ची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात दिवस दिली आहे. तीन वेळा घेतली तर चालणार नाही का? शेजारच्या काकू म्हणतात गेरू लावा, आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की संपलं. घरात दीड वर्षाचं नातवंडही आहे.

औषधी_खल
नाही चालणार. या गोळीतलं जेमतेम १० ते २० टक्के औषध रक्तात पोचतं आणि अडीच-तीन तासांत त्यातलं निम्मं लघवीवाटे निघून जातं. शिवाय ओठावरच्या हर्पीसपेक्षा नागिणीच्या विषाणूला जास्त मात्रा लागते. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० अशा वेळा लावा. एखादी चुकली तर आठवल्यावर घ्या, पण दोन एकदम नकोत.

औषध काय करतं ते कळलं की घाई का ते कळेल. कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागाठीत वर्षानुवर्षं निपचित असतो. प्रतिकारशक्ती घटली की मज्जातंतूवरून त्वचेत उतरतो आणि तिथल्या पेशींत स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढायला लागतो. असायक्लोविर दिसायला डीएनएच्या एका घटकासारखं, पण निरोगी पेशीत जवळपास निष्क्रिय. विषाणूचं थायमिडीन कायनेज हे विकर त्याला पहिला फॉस्फेट जोडतं, पुढचे दोन पेशीच जोडते. मग ते डीएनएच्या साखळीत शिरतं, पण पुढची कडी अडकवायला त्याला आकडाच नाही. साखळी तिथेच तुटते.

म्हणजे नव्या प्रती थांबतात. आधी तयार झालेले विषाणू किंवा गाठीत झोपलेले, त्यांना काही होत नाही. म्हणून पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करायचं. हे तास पुरळापासून मोजायचे, दुखण्यापासून नाही. तुम्ही वेळेत आहात.

साधा_डॉक्टर
या वयात मूत्रपिंडाकडे बघा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासलंय का? त्यावरून काढलेला क्लिअरन्स (मूत्रपिंड मिनिटाला किती मि.ली. रक्त साफ करतं तो आकडा) २५च्या खाली असेल तर हीच मात्रा दर ८ तासांनी, १०च्या खाली असेल तर दर १२ तासांनी देतात. पाणी कमी पडलं तर औषधाचे स्फटिक मूत्रनलिकांत साचू शकतात. पाण्यावर बंधन नसेल तर भरपूर पाजा. बाई असंबद्ध बोलू लागल्या, भास होऊ लागले तर वयावर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

पाच वेळा जमतच नसेल तर व्हॅलासायक्लोविर १ ग्रॅम, तीन वेळा, सात दिवस हा पर्याय डॉक्टरांना विचारा. शरीरात त्याचं असायक्लोविरच होतं, फक्त जास्त शोषलं जातं.

त्वचावेध
तोंड-शेपटीचं विसरा. विषाणू एका बाजूच्या एका मज्जातंतूवरून उतरतो, म्हणून पट्टा बहुधा मध्यरेषेवर थांबतो. जुळला म्हणून कोणी दगावत नाही. काळजीची खूण वेगळी: अंगभर विखुरलेले फोड. तेव्हा शिरेतून औषध द्यावं लागतं. नागीण चेहऱ्यावर असून नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

गेरू नको, फुटलेल्या फोडांत माती गेली की जिवाणूंचा संसर्ग. कोरडी गॉज पट्टी पुरे.

बाळाला नागीण होणार नाही, पण फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरेपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस, फोड झाकलेले ठेवा, टॉवेल वेगळा. कांजिण्यांची लस झाली नसेल तर बालरोगतज्ज्ञांना आजच विचारा. संपर्कानंतर ३ ते ५ दिवसांत दिलेली लसही उपयोगी पडते.

रानजाई
लस राहिली आहे, आजच विचारते. असायक्लोविरचं मलमही लावू का?

त्वचावेध
पैसे वाया. विषाणू मज्जातंतूत, मलम कातडीवर. तो खर्च दुखण्याच्या औषधांवर करा. फोड सुकल्यावरही ठणका राहिला तर विषाणूविरोधी गोळ्या वाढवून उपयोग नाही, कारण मज्जातंतूला इजा झालेली असते. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन, कमी मात्रेपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सुरुवातीला गुंगी येते, रात्री बाथरूमला जाताना सोबत कोणीतरी हवं.