ह्यांना मायलोमा आहे; जर्मनीला जाताना प्रवासविमा कसा काढावा?

सुलभा_नाशिक
नमस्कार मंडळी. ह्यांना मल्टिपल मायलोमा आहे, रक्ताचा कॅन्सर. बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालंय, आता लेनालिडोमाइडच्या गोळ्या चालू आहेत आणि रिपोर्ट चांगले येतायत. लेक म्युनिकला असते. तिचं बाळ ह्यांनी अजून फक्त मोबाइलवर पाहिलंय. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा.

अडलंय ते विम्यापाशी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं कव्हर लागतं, ते एजंट लगेच देतो म्हणाला. फॉर्मवर आधीच्या आजारांचा रकाना आला तेव्हा म्हणे, "काकू, 'नाही' लिहा. व्हिसावाले पॉलिसी आहे का तेवढंच बघतात." मी फॉर्म घेऊन उठले. आजार लिहिला तर विमा नाकारतील अशी धास्ती आहे, पण लपवून ह्यांना परदेशात न्यायची माझी तयारी नाही. हे म्हणतात, तू एकटी जाऊन ये. ते तर होणारच नाही.

आणखी एक. निघायच्या आधी ह्यांना ॲडमिट करावं लागलं तर माझ्या तिकिटाचे पैसे मिळतात का? माझी तब्येत ठणठणीत आहे.

शेखर_कुलकर्णीवाडी
ताई, फॉर्म घेऊन उठलात हे फार बरं केलंत. मी विम्याचे दावे तपासायचं काम बरीच वर्षं केलं. दवाखान्याचं बिल आलं की कंपनी आधी जुने कागद मागवते आणि ट्रान्सप्लांटच्या फाइलवर तारीख असते. आजार लपवला असेल तर साधा पाय मोडल्याच्या दाव्यातही वाद निघतो.

आपल्याकडच्या बहुतेक परदेश-पॉलिसींत आधीचा आजार वगळलेला असतो. काही प्लॅन जिवावर बेतलं तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत देतात. ती मर्यादा एकूण कव्हरपेक्षा खूप कमी असू शकते, म्हणून माहितीपत्रकावर न जाता पॉलिसीचा पूर्ण मसुदा मागवा. मायलोमात प्रतिकारशक्ती कमी असते. उद्या न्यूमोनिया झाला तर तो नवा आजार धरणार की मायलोमाचाच भाग? हा प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. डॉक्टरांचं 'प्रवासास हरकत नाही' असं पत्रही हवं, कारण वैद्यकीय सल्ला डावलून केलेल्या प्रवासाला विमा लागू होत नाही.

तिकिटाचं म्हणाल तर जवळचं माणूस ॲडमिट झालं म्हणून प्रवास रद्द केल्यास काही पॉलिसी पैसे देतात. पण त्या माणसाचा आधीचा आजारही बहुधा वगळलेला असतो. म्हणजे तुम्ही ठणठणीत असूनही तुमचा दावा ह्यांच्या आजारावर अडेल. थोडे जास्त पैसे गेले तरी तारीख बदलता येणारी, परतावा मिळणारी तिकिटं घ्या.

अनघा_श्टुटगार्ट
काकू, व्हिसासाठी लेकीने इथल्या कचेरीत हमीपत्र दिलंय का? ते दिलं असेल तर विम्याने न भरलेला उपचारांचा खर्च तिच्यावर येऊ शकतो. त्यामुळे हा निर्णय तिला सोबत घेऊनच करा.

लेनालिडोमाइडला जर्मनीत 'टी-रेत्सेप्ट' नावाची खास चिठ्ठी लागते. साध्या चिठ्ठीवर ते मिळत नाही. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, परतीला उशीर झाला तरी पुरतील इतक्या घ्या, आणि सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेलं इंग्रजी पत्र असू द्या. लेकीला जवळच्या रक्तविकार विभागाचा फोन नंबर आत्ताच काढून ठेवायला सांगा. ह्या रुग्णांना ताप आला तर घरी वाट बघायची नसते.

सुलभा_नाशिक
शेखरभाऊ, अनघा, मनापासून आभार. लेकीशी बोलले, हमीपत्र तिने दिलंय. दोन कंपन्यांना आजाराचं नाव, ट्रान्सप्लांटची तारीख आणि चालू औषधं लिहून ईमेल केले, न्यूमोनियाचा प्रश्नही घातला. एकीने सरळ नकार कळवला. दुसरीने डॉक्टरांचं पत्र आणि ताजे रक्ताचे रिपोर्ट मागितलेत. ते सोमवारी मिळतील. मसुदा हातात आला की 'जिवावर बेतणारी स्थिती' ह्याची त्यांनी दिलेली व्याख्या इथे टाकते. शेखरभाऊ, तेवढी वाचून सांगाल का? तोवर तिकिटं काढत नाही.