दादाची टाळी: खोडी की छळ?

मधली: आम्ही तिघं भावंडं. धाकट्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही. अचानक आवाज झाला की त्याचं अख्खं अंग दचकून ताठ होतं, हातातलं उडतं. दादाला हे पक्कं ठाऊक. धाकटा दोन्ही हातांनी पेला तोंडाशी न्यायचा आणि नेमका तेव्हा हा मागून टाळी वाजवायचा. पाणी अंगभर. वर ‘गळका’ म्हणून हाक. दादा तेव्हा चौदाचा, धाकटा सातचा. कितीतरी वर्षं चाललं हे. आता आईबाबा थकलेत, आणि पुढे धाकट्याने दादाकडे राहायचं असं परस्पर ठरलंय. धाकटा नको म्हणतो. आई म्हणते, “जुनं काय उगाळताय, पोरंच होती ती.” तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा: चौदाव्या वर्षी कितीशी अक्कल असते? माझ्या बहिणीला डाउन सिंड्रोम आहे. मला ताप असो की परीक्षा, आई तिच्या थेरपीत. “तू समजूतदार ना?” ऐकून कान किटले होते. कुणाचं लक्ष नाही बघून मीही तिला चिमटे काढलेत. दादाला राक्षस ठरवण्याआधी, तेव्हा त्याच्याकडे कोण बघत होतं ते विचारा.

मधली: ‘कुणाचं लक्ष नाही बघून’, हेच तर! बाबा घरात असले की दादाची टाळी वाजत नसे. म्हणजे अक्कल होती.

तिरपागडा: आणि बाकीचे काय करत होते? हसतच असणार.

मधली: हो. मीसुद्धा.

पाठकणा: मी फिजिओथेरपिस्ट. ते दचकणं मुलाला थोपवता येत नाही, आणि भीतीने स्नायू आणखी आवळतात. त्यामुळे ‘नीट धर ना’ म्हणणं व्यर्थच. दुसरं, अपंगांच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे. त्यातलं कलम १६ घरातल्या छळालाही छळच मानतं. आणि कुठे, कोणाबरोबर राहायचं हे अपंग व्यक्तीला निवडता यावं, असं कलम १९ सांगतं. धाकट्याचा नकार एवढ्यावरच पुरेसा आहे. दादा सुधारला की नाही, हा वेगळा विषय.

उंबरठा: कलमांवर घर चालत नाही हो. आईनंतर रात्री उठून त्याची कूस कोण बदलणार, कलम १९? माणसं बदलतात. चाळिशीतल्या माणसाला जन्मभर चौदाचाच ठेवायचं का?

पाठकणा: कूस बदलायला पगारी माणूस मिळतो. आणि ज्याच्या हातात आपलं पाणी, औषध, संडासला नेणं, त्याचीच भीती वाटत असेल तर?

मधली: काल धाकट्याशी बोलले. तो अजूनही व्हीलचेअर भिंतीला टेकवूनच पाणी पितो. मी रोज बघत होते, पण का ते कधी डोक्यात आलं नाही.

उंबरठा: हे दादाला सांगितलंत?

मधली: नाही अजून.