अनुभव धागा: लांबच्या सायकलवारीतले पाणी आणि खाणे

माळा आवरताना जुनी जर्सी सापडली; पाठीवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे होते आणि पुणे–पाचगणी–पुणे ही माझी पहिली 200 किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलवारी) डोळ्यांपुढे उभी राहिली. साडेतेरा तासांची मर्यादा मनावर एवढी स्वार झाली होती, की पसरणी घाट चढल्यावर पाचगणीत मी केवळ चहावर भागवले. परतताना खंबाटकीचा बोगदा ओलांडून खंडाळ्याजवळ (साताऱ्याचे, लोणावळ्याशेजारचे नव्हे) पोहोचलो, तेव्हा पाय दुखत नव्हते, पण ते माझे ऐकतही नव्हते. हात थरथरू लागले आणि सायकल आडवी टाकून मी चक्क रडलो. टपरीवरच्या आजींनी "लेकरा, सकाळपासून पोटात काय हाय का?" एवढेच विचारले आणि उसाचा रस व मूठभर चिक्की पुढे केली. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅमच साखर साठते, जोर लावला तर ती दोन-अडीच तासांत आटते, हे पुढे वाचले. अखेर वीस मिनिटे राखून पोहोचलो. आपलेही अनुभव अवश्य लिहावेत.

कोकमआगळ
माझी चूक नेमकी उलटी होती. मे महिन्यात कोकणातल्या सागरी मार्गावर प्रत्येक थांब्याला मी बाटलीभर साधे पाणी पीत गेले. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि त्याबरोबर मीठही जाते. दुपारी बोटे सुजून अंगठी रुतली, डोके ठणकू लागले, मळमळले. पाणी कमी पडत असावे असे समजून मी आणखी प्यायले! रक्तातले सोडियम पातळ झाले होते, असे डॉक्टरांनी सांगितले. आता एका बाटलीत मीठ घातलेले कोकम सरबत असते आणि दुसरीत साधे पाणी. सरावाच्या आधी व नंतर वजनही करते: एक किलो घटले तर साधारण एक लिटर पाणी कमी पडले, वाढले तर मात्र जास्त प्यायले.

घाटवाट
ओआरएसची लिटरभर पाण्याची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतण्याचा पराक्रम मी केला आहे. पुढचे वर्णन जेवणाच्या वेळी वाचणारे असतील, म्हणून टाळतो.

दूरदेशी
2019 च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या फ्रान्समधल्या ब्रेव्हेत (1200 किमी, 90 तास) रात्री इतकी थंडी होती, की तहान लागतच नव्हती. पहाटे लघवी गडद पिवळी दिसली तेव्हा डोळे उघडले. मग घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावला आणि वाजला की दोन घोट घेतले. गावकरी रस्त्याकडेला टेबले मांडून कॉफी, पाणी देतात, त्यांच्यापुढे थांबायला मात्र गजर लागला नाही.

नवशिका
कोकमआगळताई, सरबतात साखर किती घालता? आणि जेल (पाकिटातला गोड, चिकट ऊर्जेचा गर) घेतात का कोणी? मला पहिल्याच जेलने रस्त्याकडेची झुडपे शोधायला लावली.

कोकमआगळ
लिटरला चार-पाच चमचे. जेलवर पुरेसे पाणी प्यायलात का? आणि स्पर्धेच्या दिवशी नवे काही पोटात घालू नये. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पुरतात. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. मी केळी, खजूर आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा नेते.

लाडूवाली
मी सायकल चालवत नाही, मात्र आमच्या घरी एकजण चालवतात आणि गुळाचे लाडू जर्सीच्या खिशात वितळवून आणतात. ती धुण्याचा अनुभव माझा आहे. येत्या रविवारी 300 किमी आहे. या वेळी दहीभात देणार आहे, खिशात कसा न्यायचा ते त्यांनी ठरवावे.