मिलिटरीची जुनी जीप, हँडब्रेक घाटात धरतच नाही

कन्नडकर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप आहे, विलिस टाइपची, फोर बाय फोर, वडलांनी घेतलेली. मागच्या महिन्यात कन्नडच्या घाटात थांबलो, हँडब्रेक पूर्ण ओढून खाली उतरलो अन् गाडी हळूच मागं सरकायली, पोरगा मागंच उभा होता, पळत जाऊन ब्रेकवर पाय दिला म्हणून निभावलं. अजून छातीत धडधड होते. मेकॅनिकनं दोनदा केबल आवळून दिली, चार दिवस धरते की परत तेच. मागच्या चाकांचे लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) पण नवीन टाकले, काही फरक नाही. आता तर चालताना खालून जळाल्यासारखा वास यायलाय. काय बघावं?

जालना गॅरेज:
भाऊ, लायनरचा खर्च वाया गेला, या जीपचा हँडब्रेक चाकात नसतोच. गाडीखाली जाऊन बघा, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) मागं जिथून मागचा शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणारा फिरता दांडा, निघतो तिथं छोटा ड्रम आहे, तोच हँडब्रेक. महायुद्धातल्या विलिसला ड्रमवर बाहेरून पट्टा आवळायचा, नंतरच्या जीपना आतून फाकणारे लायनर आले. जुन्या लँड रोवर डिफेंडरला पण ड्रम तिथंच.
माझ्या अंदाजानं तुमचं असं झालंय, ड्रमच्या पुढचं ऑईल सील (तेल अडवणारी कडी) गळायलंय अन् लायनर तेलानं भिजलेत. भिजलेला लायनर कितीबी आवळा, धरणार नाही. उलट केबल जास्त आवळली की लायनर सारखा घासतो, ड्रम तापतो, तुम्हाला वास येतो तो त्याचाच, अन् त्या उष्णतेनं सील कडक होऊन अजून गळतं. म्हणून आधी केबल एकदम ढिली करा, लायनर ड्रमपाशी सेट करा, केबल सगळ्यात शेवटी.
सील बदलताना योकच्या (शाफ्ट जिथं जोडतो तो तुकडा) स्प्लाइनला, म्हणजे आतल्या खाचांना, सीलंट लावा. बरेचदा सील नवीन असतं अन् तेल स्प्लाइनमधून नटाखालून येतं, लोक सीलवर सील बदलत बसतात. ब्रीदर (ट्रान्सफर केसमधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) पण बघा, आपल्या काळ्या मातीनं बुजला की आत प्रेशर होऊन तेल सीलवाटेच बाहेर पडतं.

माजी फौजी, बीड:
वरच्या भावानं बरोबर सांगितलं. दोन गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून लिहितो. हा ब्रेक शाफ्ट धरतो, चाक नाही. विलिसच्या डिफरन्शियलचा (शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअर) रेशो 4.88, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जवळपास पाच, म्हणूनच एवढासा ड्रम अख्खी गाडी धरतो. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं की शाफ्ट धरलेला असूनही ते चाक मोकळं फिरतं, जमिनीवरचं उलटं फिरतं अन् गाडी जॅकवरून निघते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय जॅक लावूच नका, हात जोडून सांगतो.
अन् चालत्या गाडीत हा ब्रेक ओढू नका, सगळा झटका शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर जातो. क्रॉस झिजला असंल तर ब्रेक लागूनही गाडी थोडी हलून मग थांबते, तो प्ले, म्हणजे ढिलेपणा, पण चेक करा.

कन्नडकर:
काका, भाऊ, लई उपकार. आज ड्रम उघडला, आत तेलच तेल, ब्रीदर पण मातीनं पॅक. सील उद्या आणतो. लायनर जाड दिसायलेत, पेट्रोलनं धुतले तर चालतील का?

जालना गॅरेज:
नाही. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं, तापलं की परत वर येतं. नवीनच टाका. अन् ती जुनी धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, ते श्वासातून आत गेलं की घातक, ओल्या फडक्यानं पुसा. पोराला तेवढ्या वेळ लांब ठेवा.