बारातले दहा इन्सुलिनमुक्त, मग अडलंय कुठे?

उलटतपासणी (धागाकर्ता)

सध्या एक पोस्ट फिरतेय: "मूळपेशींपासून बनवलेल्या आयलेट टोचल्या आणि १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन सुटलं. टाइप वन बरा होतो हे सिद्ध झालंय. तरी चाचण्या संपत नाहीत, कारण इन्सुलिनचा धंदा बुडेल." खाली टाळ्यांचा पाऊस. चार ओळींत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून वेगळा धागा. (आयलेट म्हणजे स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके; त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, आणि टाइप वन मधुमेहात प्रतिकारशक्तीच त्या मारते.)

आकडा खरा आहे. जून २०२५ मध्ये आलेला झिमिस्लेसेलचा, म्हणजे याच मूळपेशींच्या आयलेट-उपचाराचा निकाल. पण चाचणीत १४ जण होते. पहिल्या दोघांना अर्धा डोस, उरलेल्या १२ जणांना पूर्ण, म्हणजे ८० कोटी पेशी एकाच वेळी यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेत, पोर्टल व्हेनमध्ये. कंट्रोल गट (तुलनेसाठी, हा उपचार न दिलेला) नाही. निवडलेली माणसं सरसकट टाइप वनची नव्हेत, वर्षभरात किमान दोन गंभीर हायपो (साखर धोकादायक उतरणं) झालेली आणि साखर उतरल्याची जाणीव बोथट झालेली. शिवाय दोन मृत्यू. त्यातला एक क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसने, म्हणजे परक्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबल्यावर जो संसर्ग हमखास आठवावा तोच. दुसरा आधीपासूनच्या मेंदूविकाराचा.

आणि 'सिद्ध झालंय' म्हणणाऱ्यांनी कॅनडातलं एडमंटन आठवावं. २००० साली तिथे मृत दात्यांच्या आयलेट टोचून ७ पैकी ७ इन्सुलिनमुक्त. तेव्हाही हाच जल्लोष होता. मग तोच प्रोटोकॉल वेगवेगळ्या केंद्रांत ३६ जणांवर केला आणि २००६ मध्ये निकाल आला: वर्षाअखेर १६ जण मुक्त, आणि त्या १६ पैकी दोन वर्षांनंतर फक्त ५. एक वर्ष म्हणजे पहिला टप्पा, मुक्काम नव्हे.

काठावरचा

पोस्ट बाष्कळ आहे, मान्य. पण तुमचं 'कंट्रोल गट नाही' हे वाक्य त्याहून फार शहाणं नाही. या लोकांचं सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) सुरुवातीला मोजण्याइतकंही नव्हतं. किमान पाच वर्षं जुना टाइप वन. प्लासिबो (औषध नसलेलं खोटं इंजेक्शन) टोचून बीटा पेशी उगवतात का? इन्सुलिन शून्यावर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) ७ टक्क्यांच्या खाली आणि तेही गंभीर हायपो न होता. यात योगायोगाचा वाटा किती काढणार? कंट्रोल गट तिथे लागतो जिथे आजार आपणहून वरखाली होतो. नव्याने निदान झालेल्यांत लागतो, कारण तिथे हनिमून, म्हणजे उरलेल्या पेशी काही काळ सावरण्याचा टप्पा, असतो.

एडमंटनशी तुलनाही अर्धीच. तिथे मृत दात्यांच्या आयलेट होत्या, एका माणसाला बहुतेकदा दोन किंवा जास्त दाते लागायचे, प्रत्येक बॅच वेगळी. इथे पेशी कारखान्यात तयार होतात, डोस ठरलेला. एडमंटनमध्ये काय गळलं ते इथेही गळेलच असं नाही.

उलटतपासणी

गळण्याची कारणं बॅचशी निगडित नाहीत हो. पोर्टल व्हेनमध्ये सोडलेल्या पेशींचा रक्ताशी थेट संबंध आला की लगेच गोठण आणि दाह सुरू होतो, मोठा वाटा पहिल्या काही तासांतच मरतो. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देतात ते त्यासाठीच, आणि हेपरिनमुळे यकृतात सुई घातलेल्या जागी रक्तस्राव होऊ शकतो. वाचलेल्यांना पुन्हा नवीन रक्तवाहिन्या येईपर्यंत ऑक्सिजन तोकडा. त्यात प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस बीटा पेशींनाच त्रास देतो, मूत्रपिंडालाही. पेशी कारखान्यातल्या असल्या म्हणून शिरेतलं रक्त बदलत नाही.

कंट्रोल गटाचं म्हणाल तर, इन्सुलिन सुटणं यासाठी नको, पण नुकसान मोजायला लागतो. बारा माणसांत दुर्मीळ संसर्ग किती हे कसं कळणार?

लूपवाला

दरवेळी पेशी, पेशी, पेशी. आज हातात जे आहे त्यावर एक अक्षर नाही. २०१९ ची क्लोज्ड लूप (सेन्सरच्या साखरेवरून पंप आपोआप इन्सुलिन सोडतो ती यंत्रणा) चाचणी: १६८ जण, सहा महिने, रॅंडमाइझ्ड. टाइम इन रेंज ६१ वरून ७१ टक्के, आणि नुसतं सेन्सर-पंप घेतलेला गट ५९ वर जागचा हलला नाही. दिवसाचे जवळपास अडीच तास जास्त साखर ७० ते १८० मध्ये. कुठलीही प्रतिकारशक्ती न दाबता. मेनिंजायटिसही नाही. पण बातमी कोणाची होते? ज्याचं इन्सुलिन सुटतं त्याची.

नळी क्रमांक सात

लूपवाले, तुमचा राग समजतो, पण लूपने आजार थांबत नाही. ताज्या निदानाच्या ९७ मुलांवर हेच करून पाहिलं, २०२२ साली निकाल आला. नियंत्रण चांगलं ठेवलं की उरलेल्या बीटा पेशी वाचतील ही आशा होती. वर्षाअखेर सी-पेप्टाइडमध्ये दोन्ही गटांत फरक नाही.

लूपवाला

मग सी-पेप्टाइड चाटायचं का? टेप्लिझुमॅबची, म्हणजे बीटा पेशींवरचा प्रतिकारशक्तीचा हल्ला मंदावणाऱ्या औषधाची, २०२३ ची चाचणी घ्या. ३२८ मुलं, निदानानंतर सहा आठवड्यांच्या आत, बारा-बारा दिवसांचे दोन कोर्स शिरेतून. ७८ आठवड्यांनी सी-पेप्टाइड जास्त राहिलं, वा वा. एचबीए१सी? फरक नाही. टाइम इन रेंज? नाही. हायपो? नाही. रोज ड्रिप लावून घेतलेल्या पोराला काय मिळालं, कागदावरचा आलेख?

नळी क्रमांक सात

या एका वाक्याने डोकं फिरतं. एचबीए१सीत फरक *येणारच नाही*, कारण दोन्ही गटांत डॉक्टर इन्सुलिन वाढवून तेच लक्ष्य गाठायला बसलेले असतात. प्लासिबो गटाची साखर वाढू देणं अनैतिक. त्यामुळे औषधाचा फायदा साखरेत न दिसता इन्सुलिनच्या युनिटांत लपतो. म्हणून तर एचबीए१सी अधिक चौपट डोस, रोजचे युनिट प्रति किलो, असं सूत्र वापरतात. बेरीज ९ किंवा कमी असेल तर आंशिक रेमिशन (आजार अंशतः शमलेला). ७.२ आणि ०.४ असेल तर ८.८, आत. ७.० आणि ०.६ असेल तर ९.४, बाहेर. नुसतं एचबीए१सी पाहिलं असतं तर दुसरा बरा वाटला असता.

हाच घोळ २०११ मध्ये झाला. टेप्लिझुमॅबच्याच आधीच्या मोठ्या चाचणीत एंडपॉइंट (यशाची कसोटी) ठेवला 'डोस ०.५ च्या खाली आणि एचबीए१सी ६.५ च्या खाली'. चाचणी पडली. औषध बाजूला पडलं ते २०१९ च्या चाचणीपर्यंत, निदान अजून व्हायचं असलेल्या पण धोका मोठा असलेल्या ७६ जणांच्या. त्यात निदान मध्यकाने (निम्म्यांचं आधी, निम्म्यांचं नंतर) ४८.४ महिन्यांवर गेलं, प्लासिबोत २४.४. अमेरिकेत मंजुरी नोव्हेंबर २०२२.

साखरझोप

अहो, पण सी-पेप्टाइड तरी किती भरवशाचं? एक शेक पाजून रक्त काढायचं, एवढंच ना.

नळी क्रमांक सात

"एवढंच ना"! एकदा नीट सांगतो. रात्रभर उपाशी. सकाळी साखर ७० ते २०० मध्ये नसेल तर चाचणी पुढे ढकलायची, कारण जास्त साखरेत बीटा पेशी दबलेल्या असतात आणि आकडा खोटा कमी येतो. पंपाचा बेसल (सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन) चालू, पण बोलस (जेवणासाठीचा डोस) नाही. मिश्र आहाराचं द्रव किलोला ६ मिली, कमाल ३६० मिली, पाच मिनिटांत संपवायचं. म्हणजे ६० किलोला पूर्ण ३६०, आणि ९० किलोलाही ३६०च. मग नळ्या: उणे १०, ०, १५, ३०, ६०, ९०, १२० मिनिटं. वक्राखालचं क्षेत्रफळ काढून १२० ने भागायचं.

बिघडतं कुठे? पोर वीस मिनिटं घोट घोट पितं आणि वक्र उजवीकडे सरकतो. अर्धं ओकतं. सुई अडते आणि ३० ची नळी ४१ ला निघते, पण कागदावर ३० लिहिली जाते. खरी वेळ लिहा, क्षेत्रफळ खऱ्या वेळेवर निघतं! मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर सी-पेप्टाइड साचून उगीच जास्त दिसतं. पण टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, म्हणून शरीराचं स्वतःचं किती हे सांगणारं दुसरं काही नाही.

काठावरचा

धागा पेशींवरून शेकवर आला.

साखरझोप

चीनमधल्या तिआनजिनच्या बाईंचं काय मग? २५ वर्षांची, पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली स्वतःच्याच पेशींपासून केलेल्या आयलेट, ७५ व्या दिवसापासून इन्सुलिन बंद. तिला विचारा सी-पेप्टाइड महत्त्वाचं की आयुष्य.

उलटतपासणी

शितावरून भाताची परीक्षा. आणि ते शीतही आधीच शिजलेलं: यकृत प्रत्यारोपणामुळे ती अगोदरच प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर होती. स्वतःच्या पेशी स्वतःच्याच शरीराने नष्ट केल्या नाहीत, यात औषधांचा हात किती हे त्या एका उदाहरणातून सांगताच येत नाही.

साखरझोप

तुम्हाला कोणी बरं झालेलं बघवत नाही, एवढंच यातून कळतं.

उलटतपासणी

बघवतं. मोजून दाखवा म्हणतो.

काठावरचा

वाद घालायचाच तर खऱ्या अडथळ्यावर घाला. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नकोत म्हणून पेशी डबीत बंद करून बसवल्या, तो प्रकल्प मार्च २०२५ मध्ये सोडला, कारण सी-पेप्टाइड पुरेसं निघेना. डबीच्या भिंतीतून रोगप्रतिकारक पेशी आत जात नाहीत, पण भोवती तंतुमय थर चढला की ऑक्सिजनही जात नाही. दुसरा रस्ता जनुकं कापण्याचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला पेशी परक्या वाटूच नयेत. स्वीडनच्या उप्सालामध्ये एकाच रुग्णाच्या हाताच्या स्नायूत १७ टोचण्यांनी अशा पेशी सोडल्या, कुठलंही औषध न देता. पेशी जगल्या, सी-पेप्टाइड बनवू लागल्या, पण डोसच इतका छोटा की इन्सुलिन चालूच राहिलं.

म्हणजे बघा: मेनिंजायटिसचा धोका नको असेल तर पेशी थोड्या, पेशी भरपूर हव्या असतील तर औषधं. यात इन्सुलिन कंपनी कुठे आली?

लूपवाला

काठावरचे, हे पटलं. नाइलाजाने. पण गंभीर हायपो असलेल्यांना आधी सहा महिने लूप देऊन मगच पेशींच्या चाचणीत घ्यावं, ही अट सर्वांत आधी घाला.

काठावरचा

जाणीव गेलेल्यांत काहींना लूपवरही हायपो होतोच, म्हणून तर ते या रांगेत आहेत. पण तुमची अट वाईट नाही, लिहून ठेवतो.

उलटतपासणी

कंट्रोल गटाबद्दलचं माझं पहिलं वाक्य ढिसाळ होतं, ते मागे. 'संसर्गाच्या मोजणीसाठी मोठा गट हवा' असं वाचावं. 'मुक्काम नव्हे' हे मागे घेत नाही.

नळी क्रमांक सात

आणि ४१ ला काढलेली नळी ३० म्हणून लिहू नका. हे कोणीच मान्य केलं नाही अजून.