टेस्ट बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही

"आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, ट्रिप झाला, म्हणजे घर भाड्याने द्यायला सुरक्षित" असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. आरसीसीबी म्हणजे करंटची गळती झाली की ट्रिप होणारा, म्हणजे वीज तोडणारा स्विच. बटण आतल्या रेझिस्टरमधून मुद्दाम गळती निर्माण करतं. यंत्रणा अडकलेली नाही, एवढंच त्यातून कळतं. अर्थची वायर तुटलेली असली तरी आरसीसीबी ट्रिप होतोच. म्हणून भाडेकरू बदलताना प्रत्येक सॉकेटच्या अर्थ पिनची कंटिन्युइटी (वायर अर्थपर्यंत अखंड जोडलेली आहे का) इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत ट्रिप होतो का, हेही आरसीसीबी टेस्टरवर बघा.

गीझरचं सॉकेट मात्र उघडूनच तपासा. स्क्रू सैल असला की तिथला रोध वाढतो, टर्मिनल तापतं, वायरचं आवरण तपकिरी आणि कडक होत जातं. एमसीबीला (करंट मर्यादेबाहेर वाढला की वीज तोडणारा स्विच) हे कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. नुसता स्क्रू आवळून भागत नाही; जळलेलं टोक चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा आणि सॉकेट बदला.

एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणी १६ च्या जागी ३२ अँपिअरचा बसवला असेल, तर तो आधी काढा. २.५ चौरस मिलिमीटरची वायर एमसीबी पडण्याआधीच तापेल.