मदत हवी आहे: मॉडेल फिरवताना हातातून निसटतंय

नमस्कार मंडळी. बेळगावला उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, लेथ-सीएनसीवर १२ वर्षं गेली. कागदावरचं ड्रॉइंग झोपेतून उठवलं तरी वाचेन, पण आता मालकांनी सॉलिडवर्क्ससमोर (कॉम्प्युटरवर थ्रीडी पार्ट काढायचं सॉफ्टवेअर) बसवलंय. क्लासचे सर कन्नडमधून भराभर सांगतात. कळतं सगळं, हात मागे राहतो.

माउसचं चाक दाबून ओढलं की मॉडेल फिरतं, कंट्रोल धरून सरकतं, शिफ्ट धरून लहान-मोठं होतं. हरवलंच तर एफ दाबतो. इथवर ठीक. काल पंप हाउसिंगच्या आतल्या बोअरवर (गोल भोकावर) झूम केलं, जरा फिरवलं, तर पार्ट भिंगरीसारखा गरगरला आणि बोअर स्क्रीनबाहेर! त्या बोअरभोवतीच फिरवायचं कसं?

कंट्रोल-८ ने निवडलेला फेस (पार्टची एक बाजू) समोर येतो, पण कधी कधी डोकं खाली. तो सुलटा कसा करायचा?

आणि ड्रॉइंग शीटवर टॉप व्ह्यू फ्रंटच्या वर येतोय. आपल्याकडे व्ह्यू मांडायची पद्धत फर्स्ट अँगल, त्यात तो खाली हवा. अशा शीटवर जॉब केला तर भंगारातच जाईल. ही सेटिंग कुठे असते?

घरच्या लॅपटॉपला माउस नाही, तो उद्या घेतोच. व्हिडिओची लिंक नको, कुठलं बटण ते सांगा.